माजी संचालकांचा अळणी डबा

"संस्था चालवणं पुष्कळांना जमतं. पण संस्था सोडावी कशी, हे लोकांनी माझ्याकडून शिकावं!"

निरोपसमारंभात भाऊंनी माइक हातात घेऊन असं ठणकावून सांगितलं आणि पुढचा पाऊण तास ते सोडण्याबद्दलच बोलत राहिले. माइक काही सोडला नाही. "उद्यापासून मी या पायऱ्या चढणार नाही. मागे वळून पाहणार नाही. नव्या माणसाला मोकळं रान द्यायचं! झाड आपण लावावं, पण सावलीत बसायचा हट्ट धरू नये!" सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. नव्या संचालिका मॅडम तर उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. नव्याच होत्या बिचाऱ्या, त्यांना ते सगळं खरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बरोबर दहाला भाऊ त्याच पायऱ्या चढले. चष्म्याचं घर राहिलं होतं. तिसऱ्या दिवशी आले ते छत्री न्यायला. चष्म्याचं घर न्यायला आले तेव्हा ती विसरली होती. चौथ्या दिवशी राहिलेलं असं काहीच नव्हतं, म्हणून त्या दिवशी ते काहीतरी ठेवायला आले.

संस्थेचं काम तसं चांगलं. एकट्या पडलेल्या ज्येष्ठांना घरपोच डबा, चालता न येणाऱ्यांना वॉकर आणि व्हीलचेअर, आणि ज्यांच्याशी बोलायला कुणी नाही त्यांच्याकडे रोज तासभर बसणारा एक सोबती. या सगळ्याचे नियम भाऊंनीच केले होते, केबिनमध्ये बसून, दार लावून, एकाग्र चित्ताने. लाभार्थी कसा दिसतो, हे मात्र गेली कित्येक वर्षं ते फक्त वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावरच पाहत आले होते. त्यांची ऊठबस देणगीदारांत. स्वयंसेवक येत-जात, भाऊंना त्यांच्या चपला तेवढ्या ओळखू येत.

भाऊंचा जीव अडकला होता तो एका पदात. निरोपाच्या दिवशी चेअरमनसाहेब, म्हणजे सिमेंटवाले, त्यांच्या कानात म्हणाले होते, "वार्षिक सभेत तुम्हाला मुख्य सल्लागार करू. बघू." यातलं 'बघू' भाऊंनी ऐकलंच नाही. मुख्य सल्लागार म्हणजे खोली आली, खुर्ची आली, दारावर पाटी आली! सभेला महिना होता. तेवढा महिना कसाबसा काढायचा होता.

आठवड्याभराने ते आले, ते थेट आपल्या केबिनमध्ये घुसले आणि तिथेच थबकले. केबिनमध्ये वॉकर! एकावर एक रचलेले, पार छतापर्यंत.

"या ना भाऊ," मॅडम बाहेरच्या टेबलावरून हसून म्हणाल्या. "मी आता इथेच बसते, सगळ्यांबरोबर. ती खोली सामानाला बरी पडते."

"आणि माझी... ती फिरणारी खुर्ची?"

"एका आजींची पाठ फार दुखत होती. त्यांना दिली. काय खूश झाल्या म्हणून सांगू!"

भाऊंच्या काळजात चर्र झालं. लाभार्थ्याला खुर्ची! उद्या लाभार्थी म्हणतील, सहीसुद्धा आम्हीच करतो! ते बाहेर आले आणि बसायला दुसरं काहीच नसल्यामुळे व्हरांड्यातल्या लाकडी बाकावर बसले. मदत मागायला येणारी माणसं ज्या बाकावर बसतात, तो हा बाक. भाऊ त्यावर आयुष्यात पहिल्यांदाच बसत होते. तो बोचतो, हेही त्यांना पहिल्यांदाच कळलं.

"काय आजोबा, दमलात?"

भाऊंनी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती. म्हणजे आजोबा तेच!

समोर एक गोलमटोल बाई उभ्या होत्या. जन्मभर बालवाडीत शिकवून निवृत्त झालेल्या आणि आठच दिवसांपूर्वी मॅडमनी घेतलेल्या या स्वयंसेविका. त्या लगेच भाऊंच्या शेजारी बसल्या. तसा नियमच होता: 'बाकावरच्या माणसाला काय हवंय असं विचारायचं नाही. गरजवंत लाजतो. शेजारी बसून, गोडीगुलाबीनं बोलून मनातलं काढून घ्यायचं.' नियम कुणाचा? भाऊंचा!

"घरचे विचारतात ना नीट?" बाईंनी हळूच सुरुवात केली.

"घर?" भाऊंना आधीच उमाळा आला होता. "अहो, हेच माझं घर! ही वीटन् वीट मी उभी केली. आणि आज मला इथे बसायला काय, तर बाक!"

बाईंनी इमारतीकडे पाहिलं, मग भाऊंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा कणवेनं भरून आला. "कुणी केलं हो असं?"

"कुणी म्हणजे? आली एक! आणि मीच पसंत करून आणली. दहा जणींतून निवडली! म्हटलं शिकलेली आहे, हुशार आहे, सगळं सांभाळील. तर आल्या आल्या माझी खुर्ची उचलून दिली दुसऱ्याला. माझ्या खोलीत सामान भरलं!"

"अगंबाई! खोलीत सामान? आणि बोलते कशी तुमच्याशी?"

"गोड! तेच तर दुःख आहे. भाऊ चहा घेणार का, भाऊ दमलात का. पण कशात काही विचारायचं नाही!"

बालवाडीच्या बाईंच्या डोळ्यांपुढे एक सून लख्ख उभी राहिली. त्यांना फार डोकं लढवावं लागलं नाही, त्यांच्या घरी एक होतीच.

"बाकीचे कुणी बोलत नाहीत तिला?"

"घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, बाई! कालपर्यंत माझ्यापुढे उभे राहणारे आज तिच्यापुढे माना डोलावतात. दिवसभरात माझा फोन एकदाही वाजत नाही."

"नाव काय तुमचं?"

"सगळे भाऊच म्हणतात," भाऊ म्हणाले. बाईंनी पत्ताही विचारला. भाऊंनी तो खाणाखुणांसकट सांगितला. त्यांना वाटलं, सत्काराबित्काराचं काहीतरी असणार. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण!

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी भाऊ स्वयंपाकघरात होते. डबे उंचीप्रमाणे लावावेत की वापराप्रमाणे, यावर ते बायकोला मार्गदर्शन करत होते. यांना सगळी संस्था 'वहिनी' म्हणते, आपणही तेच म्हणू. नवरा घरी बसल्यापासून वहिनी अगदी मेटाकुटीला आल्या होत्या. कालच त्यांना चहा सापडायला अर्धा तास लागला होता, कारण भाऊंनी डबे अक्षरवार लावले होते आणि तो 'च' मध्ये होता.

दारावरची घंटा वाजली. वहिनींनी दार उघडलं. दारात बालवाडीच्या बाई, हातात डबा. त्यांच्यामागे एक ताडमाड गृहस्थ, वॉकर खांद्यावर टाकून. हे शाळेतले माजी कवायत मास्तर.

"भाऊ आजोबा इथेच राहतात ना?" बाई कुजबुजल्या. "आम्ही संस्थेतून आलोय. रोज तासभर त्यांच्याजवळ बसू. तेवढा वेळ तुम्ही अगदी मोकळ्या."

वहिनींना काहीतरी घोटाळा झालाय हे तत्क्षणी कळलं. तो घोटाळा निस्तरावा, असंही मनात आलं. मग शेवटचा शब्द आठवला.

"रोज?" त्यांनी विचारलं.

"रोज."

"या, या! आत या ना!" असं म्हणून वहिनींनी पायांत चपला सरकवल्या. "फार एकटे असतात हो. जरा बोलतं करा त्यांना." आणि गेल्या!

भाऊ बाहेर आले. "हे काय? डबा? मला? अहो बाई, काहीतरी चुकतंय. मला नको हे!"

बाईंनी मास्तरांकडे समजून पाहिलं. 'नको म्हणणाऱ्याला आधी द्यावे. नकार म्हणजे संकोच. जितका मोठा नकार, तितकी मोठी गरज.' हाही भाऊंचाच नियम. देणगीदारांपुढे तो वाचून दाखवताना त्यांचा स्वतःचा कंठ दाटून यायचा.

"नको! नको म्हणतो ना!" भाऊ ओरडले.

"बापरे," मास्तर हळहळले. "गरज फारच मोठी दिसतेय."

"अहो, मी या संस्थेचा संस्थापक आहे! इतकी वर्षं संचालक होतो मी!"

"हो आजोबा, तुम्हीच संचालक," बाई म्हणाल्या, चिमण्या पोराला म्हणावं तशा सुरात. ज्येष्ठांच्या भ्रमाशी वाद घालायचा नाही, हा पुढचा नियम होता. "आमचे संचालकसुद्धा फार थोर होते हं. ऑफिसात फोटो आहे त्यांचा."

"तो माझाच फोटो आहे!"

"त्या फोटोतल्या माणसाला केस आहेत," मास्तर म्हणाले. मास्तरांना नियम अजून पाठ झाले नव्हते.

भाऊंचा हात डोक्यावर गेला आणि तसाच खाली आला. तो फोटो त्यांनी तरुणपणी काढून घेतला होता आणि पुढे बदलू दिला नव्हता.

डबा उघडला. रस्सा होता, भाजी होती, भात होता. भाऊंनी एक घास घेतला आणि त्यांचे डोळे पांढरे झाले. मिठाचा कण नाही! तेलाचा थेंब नाही! ओल्या पुठ्ठ्याची भाजी केली तर ती बहुधा अशीच लागावी.

"यात मीठ नाही!"

"ज्येष्ठांच्या प्रकृतीला मीठ बरं नाही. नियमच आहे," बाई म्हणाल्या. "चला, आ करा बघू! संपेपर्यंत आम्ही उठणार नाही हं!"

तेही खरंच होतं. 'डबा रिकामा होईपर्यंत स्वयंसेवकाने उठू नये.' आणि या डब्याबद्दल 'घरच्या जेवणाची चव' असं पत्रकात छापायला देताना भाऊंनी तो कधी उघडूनही पाहिला नव्हता. आता ते तो चाटूनपुसून संपवत होते, कारण बाई उठत नव्हत्या.

मग मास्तरांनी वर्तमानपत्र उघडलं. 'ज्येष्ठांना कमी ऐकू येते. स्पष्ट व मोठ्याने वाचावे.' मास्तरांनी कवायतीच्या मैदानावर काढायचा तो आवाज भाऊंच्या कानापाशी काढला. पहिल्याच मथळ्याला शेजारच्या खिडक्या उघडल्या. हवामानाच्या बातमीपर्यंत समोरच्या इमारतीतलं बाळ उठून रडू लागलं. त्यानंतर अंगणात वॉकर घेऊन तीन फेऱ्या. वॉकर असा करकरे की रस्त्यावरून जाणारे थांबून बघत. सगळ्यात स्वस्त ठेकेदार भाऊंनीच शोधला होता आणि त्याबद्दल अहवालात स्वतःचं अभिनंदनही करून घेतलं होतं.

दोन तासांनी वहिनी आल्या, हसऱ्या चेहऱ्यानं. "तुमच्या संस्थेचं काम चांगलं आहे हो! मला उगीच वाटायचं, नुसती भाषणं असतात."

भाऊंनी तडक मॅडमना फोन लावला, पलीकडून "बोला भाऊ!" ऐकलं, आणि "काही नाही, सहज" म्हणून ठेवून दिला. सांगणार काय? बाकावर बसून तुमच्याच चहाड्या करत होतो आणि तिथून उचलून मला निराधारांत घातलं, असं? ही गोष्ट सिमेंटवाल्यांच्या कानावर गेली की संपलं! ज्याला डबा भरवायला माणूस लागतो, त्याला मुख्य सल्लागार कोण करील? तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

शेवटी त्यांनी आवाज बदलून, नाव न सांगता ऑफिसात फोन केला. "एखाद्या लाभार्थ्याला नाव कमी करायचं असलं तर काय करावं?"

"मृत्यूचा दाखला लागतो," पलीकडून उत्तर आलं.

"अहो, तो जिवंत आहे!"

"मग कशाला कमी करायचं? आणि दाखला घेऊन त्यांना स्वतः यावं लागेल हं. दुसऱ्याच्या हाती चालत नाही."

भाऊंनी कपाळाला हात लावला. लाभार्थ्यांचा आकडा दर वर्षी वाढलेला दिसला पाहिजे, देणगीदारांना तेच आवडतं. म्हणून नाव घालायच्या दहा वाटा त्यांनी ठेवल्या होत्या. काढायची ही एकच ठेवली होती.

महिनाभर हे असं चाललं. भाऊंचं वजन उतरलं आणि वहिनींचा चेहरा उजळला. एकदाची वार्षिक सभा उजाडली! मॅडमचा आदल्या दिवशीच फोन आला होता, "भाऊ, नक्की यायचं. गाडी पाठवते." भाऊंनी इस्त्रीचा सदरा चढवला, भाषणाचा कागद खिशात घातला आणि दारात उभे राहिले. गाडी आली. जरा मोठीच होती, पण मान मोठा म्हणजे गाडी मोठी! आत बसल्यावर पाहतात तो समोर बालवाडीच्या बाई!

"आज आजोबांची सहल!" बाईंनी टाळी वाजवली. मास्तरांनी भाऊंना अलगद उचलून व्हीलचेअरमध्ये बसवलं आणि पट्टा आवळला. "सुरक्षेसाठी," मास्तर म्हणाले. आता त्यांना नियम पाठ झाले होते.

दहा मिनिटांनी मॅडमनी पाठवलेली खरी गाडी आली. तीत एकट्या वहिनी बसून गेल्या आणि सभागृहात पहिल्या रांगेतल्या मऊ खुर्चीवर, मॅडमच्या शेजारी विराजमान झाल्या.

"भाऊ कुठे?" मॅडमनी विचारलं.

"येतील. आमच्या आधी निघालेत," वहिनी म्हणाल्या. त्यात खोटं काहीच नव्हतं.

भाऊ आलेच होते. भिंतीकडेला लाभार्थ्यांची रांग होती, तिच्या टोकाला. छातीवर 'लाभार्थी' असा बिल्ला, मांडीवर फूल. व्यासपीठावर त्यांची खुर्ची रिकामी दिसत होती आणि तिच्याकडे बघून त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. चेअरमननी घड्याळ पाहिलं आणि माइक घेतला.

"भाऊ आलेले दिसत नाहीत. मागे वळून पाहणार नाही, असं म्हणाले होते. शब्दाचा पक्का माणूस! तेव्हा मुख्य सल्लागाराचा विषय आपण आता वगळू या आणि..."

"थांबा!"

पट्टा तुटला. भाऊ व्हीलचेअरमधून ताडकन उठले आणि तरातरा व्यासपीठाकडे निघाले.

"चालले! आजोबा चालले!" कुणीतरी ओरडलं आणि देणगीदार खुर्च्यांवरून उठून टाळ्या वाजवू लागले. "काय काम आहे संस्थेचं!" म्हणत एका बाईंनी डोळ्यांना पदर लावला. भाऊंनी तोवर माइक हिसकावला होता.

"हा काय प्रकार चाललाय?" त्यांचा आवाज चिरकला. "महिनाभर अळणी गिळतोय मी! माणसाच्या पोटात जायचं अन्न आहे का हे? नको म्हटलं तरी कोंबतात! वॉकर तर असा करकरतो की कुत्री मागे लागतात! कानापाशी ओरडून ओरडून मला खरंच कमी ऐकू यायला लागलंय! आणि यातून सुटायचं म्हटलं तर आधी मरावं लागतं!"

भिंतीकडेच्या रांगेतून एका आजींचा आवाज आला, "खरं बोलतोय हो बाबा!" आणि सगळी रांग माना हलवू लागली.

चेअरमन पुढे वाकून बघत होते. "अहो... हे तर आपले भाऊ!"

बालवाडीच्या बाईंनी तोंडावर हात ठेवला. मास्तर दचकून सावधान उभे राहिले.

"भाऊ," चेअरमन भारावून म्हणाले, "म्हणजे तुम्ही... स्वतः लाभार्थी होऊन महिनाभर तपासणी केलीत?"

आता खरं सांगायचं तर बाक आला, चहाड्या आल्या, 'आ करा बघू' आलं. सगळं सभागृह डोळे लावून बसलं होतं. भाऊंनी घसा साफ केला.

"संस्था सोडली," ते खाली मान घालून म्हणाले, "म्हणून संस्थेची काळजी सोडता येते का?"

असा कडकडाट झाला की निरोपाच्या टाळ्या त्यापुढे काहीच नव्हत्या. वहिनी मात्र टाळ्या न वाजवता रुमाल तोंडात कोंबून बसल्या होत्या.

मॅडम उठून व्यासपीठावर आल्या. त्यांनी भाऊंच्या बिल्ल्याकडे पाहिलं, बालवाडीच्या बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि दोन अधिक दोन करून टाकले. "भाऊ, तुमचं म्हणणं शंभर टक्के पटलं. उद्यापासून डब्यात मीठ घालते. वॉकरना तेल घालते. नको म्हणणाऱ्याला सोडून देते. तुम्ही फक्त हो म्हणा."

फक्त 'हो'! पण तेवढ्यात पहिल्या रांगेतून एका देणगीदारानं विचारलं, "पण मुळात हे असले नियम केले कुणी?"

मॅडम नुसत्या भाऊंकडे पाहत राहिल्या, तेही गोड हसून.

इतक्या वर्षांची सवय भाऊंच्या मदतीला धावून आली. "असे निर्णय घाईगर्दीत होत नाहीत," ते गंभीरपणे म्हणाले. "सर्व बाजूंनी अभ्यास झाला पाहिजे. माझी सूचना आहे, समिती नेमावी."

"अध्यक्ष कोण?" चेअरमननी विचारलं.

भाऊ विनयाने छताकडे पाहू लागले.

"अध्यक्ष भाऊच!" मॅडम म्हणाल्या. "दुसरं कोण? मुख्य सल्लागार वगैरे काय, नुसतं नावाला असतं. हे पद कामाचं. भाऊ, तुमच्यासाठी नवी फिरणारी खुर्ची मागवते. फक्त एक अट. हा अनुभव तुमच्याइतका कुणालाच नाही, तेव्हा समितीचं काम चालेल तोवर अध्यक्षांनी लाभार्थी म्हणून राहायचं. डबा, सोबत, वॉकर, सगळं चालू. अहवाल दिलात की समिती संपली आणि डबाही सुटला. कबूल?"

"आणि खुर्ची?" भाऊंच्या तोंडून निघून गेलं.

"समिती असेपर्यंत तुमचीच."

"कबूल!" भाऊ म्हणाले.

त्याला आता सहा महिने होतील. खुर्ची उत्तम आहे, गर्रकन फिरते. वॉकर थोडे सरकवून तिला केबिनमध्ये जागाही करून दिली आहे. समितीची बैठक दर आठवड्याला होते आणि दर वेळी विषय पुढे ढकलला जातो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! दुपारी ठरल्या वेळी बालवाडीच्या बाई डबा घेऊन केबिनमध्ये येतात, आता त्या अदबीनं 'अध्यक्ष, आ करा' म्हणतात. शहरातल्या घराघरांत भाऊंच्या बरोबरीनं बाकीचे सगळे म्हातारेही तेच अळणी गिळत असतात. त्यांना खुर्ची नाही, ते नुसतेच गिळतात.

परवा वहिनींनी विचारलंच, "अहो, त्या अहवालात असं लिहायचंय तरी काय?"

"मीठ घालावे," भाऊ म्हणाले. "दोनच शब्द आहेत. पण फार विचार करावा लागतो गं."

"होऊ दे सावकाश," वहिनी पायांत चपला सरकवत म्हणाल्या. "माझी काही घाई नाही."